उथळ पाण्यासाठी थोडा खळखळाट

पुढच्या उन्हाळ्याच्या सहलींच्या जाहिराती दिवाळीच्या आसपासच सुरू होतात. स्वालबार्ड, ग्रीनलंड, नॉर्वेचा उत्तर किनारा. छोटं जहाज, त्यातून उतरून रबरी होडीत बसायचं, पांढरं अस्वल बघायचं, वॉलरस बघायचा, जमलंच तर रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या वस्तीत एक दुपार काढायची. खर्च माणशी काही लाख. निवृत्तीचे पैसे हातात आले की आपल्या धरमपेठ-रामदासपेठेतली काही मंडळी हल्ली जातातही. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण त्याच टुंड्रावरून दर हिवाळ्यात उलट दिशेनंही एक सफर निघते आणि ती सीताबर्डीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, भंडारा-गोंदियाच्या तलावांत येऊन थांबते. तिच्यातला सगळ्यात धाकटा प्रवासी म्हणजे छोटा टिलवा. वजन साधारण चिमणीएवढं, चोच दोन सेंटिमीटरही नाही. सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथं जून-जुलैत सूर्य मावळतच नाही, तिथं तो अंडी घालतो. आणि थंडी पडायच्या आत पाच-सहा हजार किलोमीटर कापून आपल्याकडे चिखलात चोच खुपसायला येतो. तलवार बदकही येतं, लांब टोकदार शेपटीचं. त्यांतलीही बरीच त्याच ओसाड उत्तरेत वाढलेली असतात. पट्टकादंब हंस येतात ते तिबेट-मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून.

ही मंडळी उतरतात ती जागा आपण मोडीत काढतो आहोत. हा लेख त्यासाठी आहे, आणि सरळच सांगतो, तो तुम्हाला कामाला लावण्यासाठी लिहिला आहे.

तलाव वाचवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळंशार, खोल, भरलेलं पाणी येतं. पाखरांच्या दृष्टीनं त्या पाण्याचा मोठा भाग बिनकामाचा असतो. टिलव्याला हवा बोटभर पाण्याखालचा मऊ चिखल; त्याहून खोल गेलं की त्याची चोच पोचत नाही. तलवार बदकाला हवं हातभर पाणी, कारण ते बुडी मारत नाही, शेपटी वर करून मान खाली घालतं आणि तळाची मुळं-बिया खुडतं. कमळपक्ष्याला हवीत पसरलेली पानं, त्यावरून चालायला. मध्यभागी खोल पाणी हवं ते बुडी मारणाऱ्या बदकांना. म्हणजे पाळीपासून दूर, वरच्या अंगाला, जिथं पाणी हळूहळू जमिनीत विरत जातं आणि जिथं माणसाला वाटतं की इथं तलाव संपला, तिथंच खरी पंगत बसलेली असते. तो उथळ काठ गेला, तर तलाव नकाशावर राहील आणि पाखरांसाठी बंद होईल.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत हे तलाव देवानं दिलेले नाहीत. कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले, गोंड राजांच्या काळापासून. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये मातीची पाळ घालायची, खाली पाणी सोडायला तुडूम ठेवायचं, बाजूनं सांडवा काढायचा, आणि त्या पाण्यावर धान आणि ऊस. नवेगाव बांध त्यातला थोरला, सुमारे ११ चौरस किलोमीटर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देव करून टाकलं. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. पाळ घालताना त्यांनीच कोलूला हात दिला, अशी कथा आहे. सात डोंगर पाण्याला तीन बाजूंनी कवेत घेऊन उभे आहेत हे पाहिलं की कथा रचणाऱ्याला अभियांत्रिकी चांगली कळत होती, हे पटतं.

पूर्व विदर्भात असे तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत. सरकारी कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलताना ‘मामा तलाव’. लहान असेल तर बोडी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार काही संत नव्हते, त्यांचं गुणगान मला करायचं नाही. पण त्यांच्या काळात उन्हाळ्यात गावानं मिळून पाळीवर माती टाकायची आणि त्या बदल्यात पाण्यावर हक्क सांगायचा, असा एक व्यवहार होता. तो तुटला. पाण्याचे मालक आता एक खातं, मासळीचा ठेका दुसरीकडे, बुडीत जमीन तिसऱ्याच्या ताब्यात, आणि पाळीवरची माती कोणाच्याच यादीत नाही. मग वरच्या अंगाला गाळ भरला, उघड्या पडलेल्या गाळावरची गाळपेऱ्याची शेती हळूहळू कायमची झाली, आणि उरलेल्या काठावर बेशरम पसरलं. हे मूळचं दक्षिण अमेरिकेचं झुडूप. गुरं खात नाहीत, पाण्यात मरत नाही, उन्हाळ्यात वाळत नाही. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं आहे.

या तलावांची सफर करायची तर मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या डोंग्यातून. नांगर नाही, इंजिन नाही, जीवनरक्षक जाकीट तुम्ही आग्रह धरला तरच. कोरलेल्या लाकडाचा अरुंद डोंगा, मागं उभा माणूस, हातात बांबू. तुम्ही उकिडवं बसायचं आणि डोंगा हलला तरी आपण हलायचं नाही, एवढा एकच नियम. पहाटे असा मी बसलो होतो. धुकं पाण्यापासून वीतभर वर होतं, म्हणजे खालून बघितलं तर समोरचं दिसे आणि मान वर केली तर काही नाही. बांबू तळाला टेकला की हाताला जे कळे त्यावरून तो माणूस बोलत होता. इथं रेती, इथं गाळ, इथं शेवाळाचं अंथरूण, यात मरळ अंडी घालते. बदकांचा थवा दिसला तसा त्यानं बांबू उचलून आडवा धरला आणि डोंगा आपोआप थांबू दिला. मी विचारलं, पुढं का नाही न्यायचा? “पानी इथं गुडघाभर आहे जी, म्हणून पाखरू बसते. खोल केलं का गेलं.” एवढं बोलून त्यानं तंबाखू काढली. जलपक्ष्यांवरची जाडजूड पुस्तकं जे पानोपानी सांगतात ते असं एका ओळीत मिळतं.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावात होते, तेव्हा त्यांनी हेच केलं. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसाचं बोट धरलं. ढिवर, गोंड, कोहळी यांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावं टिपली, आणि पुढं त्यातून पक्षिकोश उभा राहिला. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. श्रद्धांजलीच्या सभा आपण भरपूर घेतल्या. त्यांची पुस्तकं ज्या पाण्याच्या काठावर जन्मली त्या पाण्यासाठी एखादी सभा घ्यावी, असं मात्र फारसं कुणाच्या मनात आलेलं दिसलं नाही.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटकं चालतात, माहेरवाशिणी येतात, धानाची कापणी तोंडावर असते. नेमके तेच दिवस पाखरं उतरायचे. जहाजवाल्यांच्या भाषेत ‘वन्यजीव आणि संस्कृती’ एकाच फेरीत. आणि हिवाळ्याच्या पाहुण्यांपलीकडे कायमचा मानकरी वेगळाच: सारस. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ एवढ्या पट्ट्यातच उरला आहे आणि त्याची संख्या काही डझनांत मोजावी लागते. तो घरटं करतो शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत, आणि चरायला जातो तलावाच्या उथळ काठाला. परसवाडा, झिलमिली, लोहारा या तलावांवर अजून जोडी दिसू शकते. गोंदियाची सेवा ही संस्था आणि बरेच शेतकरी घरट्यांची राखण करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सारसाची दखल स्वतःहून घेतली. न्यायालयाला दखल घ्यावी लागते, यातच बाकी यंत्रणेचं प्रगतिपुस्तक आलं.

आता कायद्याची गोष्ट, कारण ती ऐकल्याशिवाय चीड येणार नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत एक अपवाद आहे. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे अडीच-तीनशे वर्षं पाणी अडवून ज्यांनी स्वतःची परिसंस्था उभी केली ते आमचे तलाव केवळ माणसानं सिंचनासाठी बांधले म्हणून बाहेर. नागपूरकरांना याचा अनुभव घरचाच आहे. फुटाळा तलावावर कारंजी आणि तरंगती बांधकामं आली तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तलाव मानवनिर्मित असल्यानं त्या व्याख्येत बसत नाही, असंच ठरलं. कायद्याचं कवच नाही म्हटल्यावर उरतो फक्त लोकांचा दबाव. म्हणून हा खळखळाट.

दबाव कशासाठी आणायचा, हे मात्र नीट ठरवलं पाहिजे, कारण चांगल्या हेतूनंही तलाव मरतो. गाळ काढायची योजना येते, पोकलेन उतरतं, आणि काठ कापून तलावाचा चौकोनी हौद होतो. पाणीसाठा वाढल्याचा फलक लागतो. त्या वर्षी टिलवे घिरट्या घालून निघून जातात. गाळ काढूच नका असं कोणी म्हणत नाही, शेतकऱ्याला पाणी लागतंच. पाळीजवळचा, मधला गाळ काढा आणि वरच्या अंगाचा उतार सोडा, एवढीच मागणी आहे. दुसरं संकट ‘पर्यटन विकास’ नावाचं. त्यात मोटरबोट येते, काँक्रीटचा घाट येतो, संध्याकाळी रंगीत दिवे येतात. ढिवराच्या डोंग्याला त्यात जागा नसते, असलीच तर फोटोपुरती.

इथं आर्क्टिकवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. त्या सफरी विकणाऱ्या कंपन्यांनी २००३ मध्येच आपली संघटना करून स्वतःवर नियम घालून घेतले. आणि नॉर्वे सरकारनं १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला बंदी केली, उतरण्याच्या जागा ठरवून दिल्या, पांढऱ्या अस्वलापासून निदान ३०० मीटर आणि मार्च ते जून ५०० मीटर अंतर बंधनकारक केलं. लाखो रुपये मोजून गेलेला नागपूरचा प्रवासी तिथं निमूटपणे अर्ध्या किलोमीटरवरून दुर्बीण लावतो. तोच प्रवासी आपल्या तलावाच्या काठी गाडीचे दरवाजे उघडून गाणी लावतो. नियम पाळायची अक्कल त्याच्याकडे आहे, फक्त आपल्या पाण्याची किंमत त्याला कोणी सांगितलेली नाही.

आणि आपले तलाव हाताबाहेर गेले आहेत असं मुळीच नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं अर्जुनी-मोरगावच्या परिसरात ढिवरांना घेऊन काम केलं. बेशरम मुळापासून उपटलं, उन्हाळ्यात तळ नांगरला, आणि जिथून नाहीशा झाल्या होत्या तिथं पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या खोलीवर, हे ढिवरांच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. चिखलात उतरून लावण्याचं काम बायकांनी केलं. वनस्पती आल्या तशी गावठी मासळी परतली आणि मासळीमागं पाखरं. बाहेरून आणलेलं बीज सोडून मोठे मासे काढण्याचा धंदा ज्यांच्या अंगवळणी पडला होता, त्यांनाही हिशेब पटला.

तेव्हा नागपूरकरांनो, एक हिवाळा इकडे द्या. भंडारा, साकोली करत कोहमारा फाट्यावरून वळलं की नवेगाव बांध. डोंगा ढिवराचाच घ्या, तो मागेल ते पैसे घासाघीस न करता द्या आणि इंजिन असलेली होडी असेल तर नको म्हणा, मोठ्यानं म्हणा. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, १९८७ पासून चालू आहे. तिच्यात एखादा तलाव अंगावर घ्या, कारण ज्या तलावाची नोंद नाही त्याच्या बाजूनं कुठल्याही कचेरीत बोलता येत नाही. पत्रकार मित्र असतील तर त्यांना सुशोभीकरणाच्या निविदा वाचायला सांगा. वकील असाल तर त्या वगळणाऱ्या व्याख्येवर डोकं लावा. शिक्षक असाल तर पोरांना पाळीवर थांबवू नका, वरच्या अंगाच्या चिखलापर्यंत न्या.

आणि आपल्यातले निम्मे लोक नागपूरचे होण्याआधी याच गावांचे होते. आजोबांची शेती अजून कुठल्या ना कुठल्या तुडुमाखाली आहे, मतदार यादीत कोणाचं तरी नाव आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला त्या माणसाला गाठा, जमलं तर सोबत जा. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचे लोक सभेला आले आहेत ना ते बघा, नसतील तर बोलावणं धाडा आणि ते येईपर्यंत विषय सुरू करू देऊ नका. मग विचारा: गाळ कुठून काढणार आणि वरचा काठ किती सोडणार, बेशरम उपटायची मजुरी रोजगार हमीत कधी बसवणार, मोटरबोटीचा ठराव कोणी आणला. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. सचिव म्हणेल नंतर लिहितो. तिथंच लिहायला लावा.