गाळाखालचे जहाज, पाणबुड्याचे शरीर

घारापुरीला जाणारे बहुतेक लोक लेणी पाहून संध्याकाळच्या लाँचने परततात. बेटाच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या मोराबंदरकडे फारसे कोणी फिरकत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथल्याच किनाऱ्यावर रोमन अँफोरांचे, म्हणजे मद्य आणि तेल वाहून नेण्याच्या मातीच्या कुंभांचे, तुकडे सापडले. दक्षिणेला कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या चौलचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘सेमुल्ला’ म्हणून येतो. इतका माल आणणारी सगळीच गलबते सुखरूप परतली असतील, असे मानायला हा समुद्र काही इतका भाबडा नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने द्वारकेला पुन्हा बुड्या घेतल्या. आज ना उद्या रायगडच्या किनाऱ्याचीही पाळी येईल, यायलाच हवी. मात्र अशा मोहिमांची चर्चा कॅमेरे, सोनार आणि सापडलेल्या वस्तूंभोवतीच फिरते. खाली जाणाऱ्या माणसाच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न कडेला पडतो.

या शास्त्राची सुरुवातच एका मृत्यूने झाली. सन १९०० मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ सिमी बेटावरच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक प्राचीन जहाज सापडले. सुमारे ४५ मीटर खोलीवरून त्यांनी कांस्य आणि संगमरवरी पुतळे वर आणले. ज्याला जगातले पहिले गणकयंत्र म्हणतात, ते दंतचक्रांचे यंत्रही तिथलेच. त्या कामात एक पाणबुड्या मरण पावला आणि दोघांना कायमचा लकवा झाला. पुतळे संग्रहालयात गेले. त्या तिघांची नावे किती जणांना ठाऊक असतील?

त्यांना झाला तो आजार डीकॉम्प्रेशन सिकनेस, पाणबुड्यांच्या भाषेत ‘बेंड्स’. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर शरीरावर चौपट दाब असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. माणूस सावकाश वर आला, तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आला, तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर असह्य दुखते, मज्जारज्जूत झाले तर पाय जातात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडली, अँटिकिथेरानंतर सात-आठ वर्षांनी.

हे ज्ञान हाती आल्यावर काय साधते, ते तुर्कस्तानच्या उलुबुरुनला दिसले. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीचे ते जहाज ४४ ते ६१ मीटर खोलीवर होते. १९८४ ते १९९४ या काळात तिथे २२,४१३ बुड्या घेतल्या गेल्या. एका पाणबुड्याला दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी वीसच मिनिटे काम. मोहिमेच्या बोटीवर रिकॉम्प्रेशन चेंबर होते. अकरा हंगाम लागले, ते या सबुरीमुळेच.

रायगडचा समुद्र इतका खोल नाही, मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. किनाऱ्यालगत बेंड्सचा धोका कमी हे खरे. पण सिलिंडरची हवा घेणाऱ्याने घाबरून श्वास रोखला आणि तो तसाच वर आला, तर दोन मीटरवरूनही फुप्फुस फाटू शकते. आणि घाबरण्याजोगे इथे पुष्कळ आहे. खाड्यांचा गाळ इतका, की पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. हाच गाळ लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाजाचा सांगाडा राखतो आणि हाच पाणबुड्याला आंधळा करतो. त्यात उधाणाला ओढ जबरदस्त. काम करायचे तर भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या मधल्या थोडक्या वेळात. पावसाळ्यात तर नाहीच. हंगाम आखूड असला की ‘आणखी एक बुडी’ मारण्याचा मोह होतो, आणि अपघात तिथेच होतात.

खरी अडचण पुढची आहे. बेंड्सची लक्षणे बरेचदा वर आल्यावर काही तासांनी दिसतात. खांदा दुखतो, पायाला मुंग्या येतात, लघवी अडकते. बुडीची माहिती कोणी विचारली नाही, तर ‘लचक भरली असेल’ म्हणून वेदनाशामक गोळी दिली जाते आणि मोलाचे तास जातात. अशा रुग्णाला आडवे ठेवून घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करायचा, द्रव द्यायचे आणि चेंबरकडे न्यायचे. यातले पहिले दोन उपाय कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात शक्य आहेत. चेंबरसाठी मुंबई गाठावी लागेल. तिथे कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. चेंबरमध्ये रुग्णाला पुन्हा अठरा मीटर खोलीइतका दाब देऊन ऑक्सिजन देतात. हा उपचार साधारण पाच तास चालतो.

रुग्ण पुण्याला हलवायचा विचार मात्र कोणी करू नये. बोरघाट चढला की हवेचा दाब उतरतो आणि बुडबुडे फुगतात. मांडव्याहून रो-रो बोटीने रुग्णवाहिका भाऊच्या धक्क्यावर नेता येते, तीही समुद्रसपाटीवरून. धडधाकट पाणबुड्यानेही त्याच दिवशी घाट चढू नये. शनिवार-रविवारी स्कूबा करून रात्रीच पुण्याला परतणाऱ्या हौशी मंडळींनाही हे लागू आहे.

त्यामुळे मोहीम जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पंख्यात अडकलेला दोर किंवा तळाशी गुंतलेले जाळे सोडवायला सिलिंडर लावून उतरणारा माणूस याच समुद्रात असतो. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन आणि उरणच्या रुग्णालयांत रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या टेबलावर एक कागद चिकटवता येईल : ‘गेल्या चोवीस तासांत बुडी मारली होती का?’ त्याखाली नौदल रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि रो-रोचे वेळापत्रक.