सोडलेल्या माशांचा हिशोब

नोव्हेंबर आला की इथे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांची झुंबड उडते. दक्षिणेकडे निघालेले स्ट्राइप्ड बास छोट्या माशांचा पाठलाग करत पार लाटांपर्यंत येतात. मग सोमवारी हमखास ऐकू येतं, "काल तीस पकडले, सगळे सोडून दिले!"

छान. पण मंडळी, सोडणं फुकट नसतं. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग असं धरून चालतो की सोडलेल्यांपैकी सरासरी ९ टक्के मासे नंतर मरतात. म्हणजे तीसवाल्याच्या खात्यावर जवळजवळ तीन! नियमात बसणारा, २८ ते ३१ इंचांचा एकच मासा घरी नेऊन गळ गुंडाळणारा त्याच्यापेक्षा कमी मारतो.

चेसापीक उपसागराच्या मेरीलँडकडच्या भागात २०१९ ते २०२५, सलग सात वर्षं नवी पिल्लं सरासरीपेक्षा कमी सापडली. १९८५ मध्ये मेरीलँडने ही मासेमारी पाच वर्षं चक्क बंद केली होती. परत तेच हवंय का?

माझं मत सरळ आहे. नेण्यावर मर्यादा आहे तशी पकडण्यावर आपणच घालावी. तीन काट्यांच्या जागी एकेरी गळ लावा, पाच मासे झाले की घरी जा.

असो. पटलं नाही तर जरूर भांडा, पण आकडेमोड करून!