पाय आणि माय

दिवाळीला आमच्या अमरावतीच्या घरी दोन गोष्टी न चुकता होतात. चिवडा डब्यात भरून झाल्यावर त्यात मीठ कमी पडल्याचा शोध लागतो, आणि भाऊबीजेला अकोल्याहून पुतणी येते. मिठाची कथा घरोघरची आहे. आज पुतणीविषयी लिहावे म्हणते.

बडनेऱ्याला गाडीतून उतरून ती घरी आली, तेव्हा तिच्या खांद्याला एक भलीमोठी पिशवी होती. ह्यांना वाटले, पोरीने काकासाठी काही खाऊ आणला असेल. त्यांनी मोठ्या उत्साहाने पिशवी पालथी केली. निघाले काय? मोठाली बटणे शिवलेली कापडाची पट्टी, खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे, मण्यांच्या माळा, एक हातातला आरसा आणि पतंगाच्या कागदाच्या बोटभर चिंध्या!

"काय ग, सर्कशीत नोकरी धरलीस की काय?" ह्यांनी विचारले.

"नाही काका, शाळेतच आहे," ती हसून म्हणाली. "हे माझे खडू-फळा."

ही आमची पुतणी बी. एस्सी. झाली आणि साध्या बी. एड. ला न जाता विशेष शिक्षणाचे बी. एड. करायला मुंबईला गेली, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली होती. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्यांची बुद्धी सावकाश चालते, त्यांना शिकवण्याची ही पदवी. "अशा मुलांना सांभाळायला माया लागते. तिला पदवी कशाला हवी?" असे तेव्हा घरातले एक माणूस म्हणाले होते. ते माणूस मीच. तेहतीस वर्षे शाळेत शिकवलेली बाई!

आता ती अकोला जिल्ह्यात गावोगावच्या साध्या शाळांत जाते. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी. रात्री फराळाची ताटे उचलून झाल्यावर तिने एका मुलाची गोष्ट सांगितली.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीतला. त्याच्या बाईंची तक्रार अशी की पोरगा हट्टी आहे. मनात असेल तेव्हा उत्तर देतो, नसेल तेव्हा ढिम्म. एकदा बाईंनी शरीराचे अवयव शिकवताना त्याला म्हटले, "पाय दाखव." त्याने खिडकीबाहेर बोट दाखवले. सगळा वर्ग हसला. बाईंना वाटले, हा चेष्टा करतो. त्याला कोपऱ्यात उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना. त्याची आई आठवडी बाजारात सांबार विकते (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतो). ती बिचारी पोराला हाताला धरून शाळेत घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, माह्या पोराले शाळेतून काढू नका. थो वांड नाही वो."

पुतणी त्या दिवशी शाळेत होती. तिने पोराला समोर बसवले आणि दोनचार गोष्टी विचारल्या. त्याने बरोबर उत्तरे दिली. मग तिने एक कागद आपल्या तोंडासमोर धरला आणि तसल्याच सोप्या गोष्टी पुन्हा विचारल्या. पोरगा नुसता कागदाकडे बघत राहिला. तो कानांनी ऐकत नव्हता, डोळ्यांनी ऐकत होता! तीन वर्षे तो बाईंच्या ओठांवरून शब्द वेचत होता. बाई फळ्याकडे वळल्या की त्याचा वर्ग सुटत असे.

आणि पायाचे काय? वाचकहो, तुम्ही आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाय, बाय, माय. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. नुसत्या ओठांवरून हे तीन शब्द वेगळे काढणे कोणालाही शक्य नाही. बाईंनी पाय विचारला होता, मुलाला माय दिसली. त्याची माय त्या वेळी बाजारात बसली होती आणि बाजार खिडकीबाहेर होता. त्याचे उत्तर शंभर टक्के बरोबर होते!

हे ऐकून ह्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मला मात्र त्या बाईंचा राग आला नाही. कारण त्या जागी मला मीच दिसत होते.

मी १९७४ साली बी. एड. झाले. तेव्हा अमरावतीला विद्यापीठ नव्हते, आम्ही नागपूर विद्यापीठाचे. त्या वर्षात मी हर्बार्टच्या पायऱ्या शिकले, पाठाचे टाचण काढायला शिकले. ज्याला ऐकू येत नाही असा मुलगा वर्गात असला तर काय करावे, हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. पुढे माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचे कधी उतरवून घेत नसे, सदा शेजारणीच्या वहीत डोकावायची. मी तिला कितीदा तरी "नकला करू नकोस" म्हणून उठवून मागच्या बाकावर बसवले. मागच्या बाकावर! फळ्यापासून आणखी लांब! सहामाहीनंतर ती शाळेत आली नाही. पुढे कळले की तिला फार कमी दिसत होते. मी दुष्ट नव्हते हो. माझी त्या मुलींवर माया होती. पण माया होती आणि माहिती नव्हती. त्या माहितीअभावी एका मुलीची शाळा सुटली, आणि ती मी सोडवली.

म्हणून मी पुतणीला विचारले, "दोन वर्षे तुला तिथे शिकवतात तरी काय?"

तिने सांगितले ते थोडक्यात असे. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. भारतीय पुनर्वसन परिषद, जिच्यासाठी १९९२ साली कायदा झाला, त्याला मान्यता देते. आणि डॉक्टर-वकिलांप्रमाणे या शिक्षकालाही परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. विद्यार्थी आपला एक विषय निवडतो: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता असा. निम्मे शिकणे पुस्तकात, निम्मे मुलांच्या समोर.

मुलाच्या नाकावर बोट ठेवून "म" म्हटले तर बोटाला थरथर जाणवते, "प" म्हणताना ती जाणवत नाही. ओठांसमोर पतंगाचा कागद धरला तर "प" ला तो जरासा हलतो. पाय आणि माय यांतला फरक कानांऐवजी बोटांनी शिकवतात तो असा. श्रवणयंत्र लावले म्हणजे काम झाले असेही नाही. ते बाईंच्या आवाजाबरोबर बाकांची खरखर आणि पंख्याची घरघरही मोठी करते, म्हणून त्यातून शब्द वेचायला मुलाला निराळे शिकवावे लागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सदऱ्याचे बटण लावायला शिकवायचे, तर त्या एका कामाचे सातआठ तुकडे करतात आणि शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करतात. बाई बटण काजात अर्धे घालून देतात, मुलगा फक्त ओढून घेतो. काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या पदरात! अंध मुलाच्या वर्गात "यात हे मिळवले की ते येते" असे फळ्यावर बोट ठेवून म्हणायचे नाही. आकडे तोंडाने उच्चारायचे. यातले काहीही नुसत्या मायेने सुचत नाही. ते शिकावे लागते.

हे ज्ञान आपल्याकडे अगदी नवे आहे असेही नाही. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अॅना मिलार्डबाईंनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा. मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ ची. आमच्या अमरावतीतही डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे.

आणि आमच्या वऱ्हाडाला तर हे सांगायलाच नको. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. इतरांकडून पोथ्या वाचून घेत, इतरांना लिहायला सांगत त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले आणि चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली देह ठेवला. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली ती १९५१ साली, म्हणजे महाराजांनंतर छत्तीस वर्षांनी. महाराजांची बुद्धी असामान्य, तिने वाट काढली. पण सामान्य बुद्धीच्या अंध मुलाने काय करावे? डोळस मुले सगळी ज्ञानेश्वर व्हावीत अशी अट आपण शाळेत घालत नाही. मग अंध मुलानेच गुलाबराव महाराज का व्हावे? त्याने चांगला कारकून, चांगला शिक्षक व्हावे, एवढे पुरे नाही का?

तसे होतेही. अचलपूर तालुक्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांचे घर उभारले. मुलांना आपले आडनाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या आश्रमात वाढलेली, दृष्टी नसलेली माला पापळकर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. बाबांची माया तर खरीच. पण परीक्षेपर्यंत पोचायला मायेच्या जोडीला शिक्षण लागले.

आता कायद्याचे पाहा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. अशा मुलांना इतर मुलांबरोबर शिकवावे, त्यासाठी शिक्षक तयार करावेत, असे हा कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली लक्ष घातले आणि २०२२ साली केंद्र सरकारने प्रमाण ठरवले: प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने राज्यात शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक, अशी ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे सारे चांगलेच आहे. पण मी जुनी गणिताची बाई, मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एका केंद्रात साधारण दहाबारा शाळा धरल्या, तर विशेष शिक्षिका एका शाळेत पंधरवड्यातून एकदा पोचणार. उरलेले दिवस ते मूल कोणाच्या हाती? माझ्यासारख्या साध्या बाईच्या!

खरा प्रश्न आहे तो इथे. पाय आणि माय यांतला फरक शिकवणे विशेष शिक्षिकेचे काम. पण पोर ओठ वाचते आहे, ही शंका पहिल्यांदा वर्गाच्या बाईंना यायला हवी. साध्या बी. एड. मध्येही आता समावेशक शाळेवर एक विषय ठेवला आहे. पण तो अर्ध्या गुणांचा, आणि अर्ध्या गुणांचा विषय विद्यार्थी कसा वाचतात हे मी तुम्हाला सांगायला नको. मला वाटते, प्रत्येक होणाऱ्या शिक्षकाने पंधरा दिवस तरी अंधांच्या किंवा मूकबधिरांच्या शाळेत मागच्या बाकावर बसून काढावेत. पुस्तकाने जे होत नाही ते मागच्या बाकाने होते.

आमच्या गाडगेबाबांच्या शिकवणुकीत गरीब मुलांना शिक्षण हे एक कर्तव्य होते आणि आंधळ्या-पांगळ्यांना औषध हे दुसरे. त्यांचेच नाव आज आमच्या विद्यापीठाला आहे. ही दोन कर्तव्ये एकत्र आणायची वेळ आता आली आहे. आंधळ्या-पांगळ्या मुलाला औषधाबरोबर शाळाही हवी.

तुम्हा-आम्हाला काय करता येईल? घरात कोणी पदवीधर झाले असेल आणि शिक्षक व्हावे म्हणत असेल, तर या पदवीचाही विचार करा. "त्यात काय मिळणार" असे माझ्यासारखे एकदम बोलू नका. आणि पालकसभेला जाल तेव्हा आपल्या मुलाचे गुण विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: "या वर्गात कोणाला ऐकायला-दिसायला कमी आहे का, हे तपासले आहे का?" एवढ्या प्रश्नाने एखादे मूल कोपऱ्यातून पुढच्या बाकावर येईल.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्याची तपासणी झाली, यंत्र मिळाले. बाईंनी त्याला पुढे बसवले. त्या आता फळ्यावर आधी लिहितात, मग वर्गाकडे तोंड करून बोलतात. त्यात सगळ्याच वर्गाला जास्त समजू लागले, असे त्या स्वतः म्हणतात. मुलगा अजून मागे आहे. तीन वर्षांचे ओझे एका सत्रात उतरत नाही. पुस्तकातला "कोथिंबीर" शब्द त्याला कळेना, कारण त्याने तो कोणाच्या ओठांवर पाहिलाच नव्हता. मग पुतणीने त्याच्या आईकडून एक जुडी आणवली आणि पाटीवर एकाखाली एक दोन्ही शब्द लिहिले.

निघायच्या दिवशी ती ओट्यापाशी उभी होती. मी तिच्यासाठी करंज्या बांधता बांधता काहीतरी सांगत होते. तिने माझा हात धरून मला वळवले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही भिंतीशी बोलून राहिल्या. तोंड इकडे करा."

तेहतीस वर्षांत मला एवढेच कोणी सांगायला हवे होते.