दूरच्या समुद्रातील तेल

जलमार्गाने होणारा व्यापार स्वस्त असतो, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. तो स्वस्त का पडतो, याचा शोध घेऊ पाहणाऱ्याने १६ मार्च २०११ च्या पहाटे दक्षिण अटलांटिक महासागरात घडलेला प्रकार एकवार डोळ्यांपुढे आणावा. ब्राझीलच्या सांतोस बंदरातून सुमारे ६५ हजार टन सोयाबीन घेऊन सिंगापूरकडे निघालेले ‘ऑलिव्हा’ नावाचे जहाज त्या पहाटे नाइटिंगेल नावाच्या चिमुकल्या बेटावर जाऊन आदळले. यंत्रे सुरू होती, जहाज आपल्या वेगाने चालले होते. अथांग सागरात बोटावर मोजण्याइतकी जी बेटे आहेत, त्यांपैकी एकावर ते सरळ चालून गेले! पहारा कसा ठेवला जात होता, याविषयी यापरते काय सांगावयास हवे?

नाइटिंगेल हे त्रिस्तान द कून्हा या ब्रिटिश द्वीपसमूहातील बेट आहे. समूहातील मुख्य बेटावर अडीचशेच्या आसपास माणसे राहतात. तेथे विमानतळ नाही. केपटाउन सुमारे २८०० किलोमीटरवर असून तेथून बोटीने पोचावयास आठवडा लागतो. जहाजावरील बावीसही खलाशी वाचले, ते तेथील मासेमारी जहाजाच्या आणि योगायोगाने त्या पाण्यात आलेल्या एका प्रवासी जहाजाच्या मदतीने. जहाज मात्र १८ मार्च रोजी दुभंगले आणि त्याच्या टाक्यांतील सुमारे १५०० टन इंधन-तेल समुद्रात गेले. केपटाउनहून निघालेली मदतीची टगबोट येऊन पोचली ती २१ मार्चला. तोवर वाचविण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

नॉर्दर्न रॉकहॉपर या जातीच्या पेंग्विनांची फार मोठी वस्ती याच बेटांवर आहे. तेलाने माखलेले ३७१८ पक्षी बेटवासीयांनी आपल्या होड्यांतून मुख्य बेटावर आणले. गावातील पोहण्याचा तलाव त्यांच्यासाठी मोकळा केला आणि घरोघरच्या शीतपेट्यांतील मासळी त्यांच्या तोंडी घातली. तज्ज्ञ मंडळी आणि साहित्य घेऊन दुसरे जहाज आले तेव्हा एप्रिल उजाडला होता. इतक्या खटाटोपानंतर जिवंत सुटले ते अवघे ३८१. या आकड्याने बेटवासीयांच्या श्रमांना उणेपणा येत नाही. अडीचशे माणसांच्या गावाने याहून अधिक काय करावयाचे होते? पण तेल एकदा पसरल्यावर करावयाच्या उपायांची धाव किती तोकडी असते, हे मात्र त्याने निर्विवाद सिद्ध होते.

आणखी एक धास्ती होती, तिच्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष क्वचितच गेले. नाइटिंगेल बेटावर उंदीर नाहीत. म्हणूनच लक्षावधी समुद्रपक्षी तेथे जमिनीत बिळे करून निर्धास्तपणे अंडी घालतात. फुटलेल्या जहाजावरून उंदराची एक जोडी जरी किनाऱ्याला लागली असती, तरी तेलाने जे केले नाही ते तिने काही वर्षांत केले असते. त्यामुळे विषारी आमिषे आणि सापळे मांडण्याची तातडी तेल पुसण्याइतकीच होती. सुदैवाने उंदीर आढळले नाहीत. बेटाचे मुख्य उत्पन्न असलेल्या शेवंडीच्या मासेमारीवर मात्र निर्बंध आले.

नऊ वर्षांनी याच सागरी रहदारीने मॉरिशसला गाठले. सिंगापूरच्या वाटेने ब्राझीलकडे रिकामे निघालेले ‘वाकाशिओ’ हे महाकाय जहाज २५ जुलै २०२० रोजी तेथील प्रवाळ-खडकावर चढले. मालक जपानी, ध्वज पनामाचा, कप्तान भारतीय आणि किनारा मॉरिशसचा! भ्रमणध्वनीची लहर मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेण्यात आले होते, असे जपानच्या चौकशीत निष्पन्न झाले. ६ ऑगस्टला तेल गळू लागले, म्हणजे मधले बारा दिवस हाती होते. मॉरिशस हे काही निर्जन बेट नव्हे. तेथे सरकार आहे, बंदर आहे, गेल्या शतकापूर्वी मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांसह बारा-तेरा लाखांची वस्ती आहे. तरीही सुमारे हजार टन तेल खाजणात शिरले आणि उसाचा पाला कापडात भरून लोकांना आपल्या हातांनी बांध घालावे लागले. भारताने ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे पथक धाडले, ते तेल पसरल्यानंतर. कप्तानास पुढे शिक्षा झाली. पण त्याच्या मागे असलेल्या मालकीच्या आणि ध्वजाच्या गुंत्याला कोणत्या न्यायासनापुढे उभे करावयाचे?

जहाजांच्या इंधन-तेलाविषयीचा २००१ सालचा आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून अमलात आहे. त्याने मालकावर विम्याची सक्ती केली, हे खरे. परंतु भरपाईची कमाल मर्यादा जहाजाच्या आकारमानावरून ठरते, नुकसानीवरून नाही. ज्या पक्ष्याला बाजारभाव नाही, त्याच्या मरणाची किंमत हिशेबात शून्यच धरली जाते. वाहतूक स्वस्त पडते ती अशी.

तेव्हा अशा पाण्यांपासून जहाजे दूर ठेवणे हाच उपाय आम्हांला खात्रीचा वाटतो. ब्राझील-सिंगापूर मार्गात काही मैलांचा वळसा पडला तर सोयाबीन महाग होणार नाही. त्रिस्तानच्या लोकांनी २०२० मध्ये सुमारे सात लक्ष चौरस किलोमीटरचे सागरी संरक्षणक्षेत्र जाहीर केले आणि मोठ्या जहाजांनी बेटांपासून २५ सागरी मैल दूर राहावे असे ठरविले. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर उपग्रहांच्या साहाय्याने नजर ठेवता येते. पण अडीचशे माणसांच्या सूचनेला ध्वज देणाऱ्या राष्ट्रांच्या हुकमाचे पाठबळ हवे. पनामा, लायबेरिया, माल्टा ही राष्ट्रे नोंदणीचे शुल्क घेतात; आपल्या ध्वजाखालील जहाजांना हा वळसा सक्तीचा करणारा आदेश त्यांनी काढावा आणि तो मोडणाऱ्याची नोंदणी रद्द करावी.