डोंगर आधी सांगतो

22 जुलै 2021 पासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. तिथे उगम पावणारी सावित्री घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते. त्या रात्री महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही घरे गाडली गेली. त्याच्या सोळा वर्षे आधी, जुलै 2005 मध्ये, दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते.

पाऊस आता कमी दिवसांत जास्त कोसळतो, हे खरे. अरबी समुद्र तापतो आहे, तापलेली हवा अधिक बाष्प उचलते. पण सगळा दोष आभाळाला देऊन आपण सुटत नाही. खडकावरच्या मातीच्या थरात पाणी मुरले की थर जड होतो आणि घसरतो. पायथा कापून रस्ता काढला, वरची झाडे तोडली, की त्याचा आधारही जातो. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्येच पश्चिम घाटाबद्दल सावध केले होते.

डोंगर कोसळण्याआधी बहुधा खुणा देतो: जमिनीला भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. वाडीतल्या म्हाताऱ्यांना या खुणा कळतात. प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक हवा, त्याची नोंद ठेवणारी तरुण मुले हवीत, आणि रात्री गाव सोडायची वेळ आली तर गुरांसकट थांबता येईल अशी जागा पावसाळ्याआधी ठरलेली हवी. गुरे मागे ठेवून इथला शेतकरी निघत नाही.