जमिनीचा सौदा करण्यापूर्वी

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सासऱ्यांना तोंडाचा कर्करोग. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, "आता उपयोग नाही, घरी न्या." मामंजी रात्रभर तळमळतात. घरधनी म्हणतात, विहिरीकडचे दीड एकर विकू, पण आणखी मोठ्या दवाखान्यात नेऊ. ताई विचारतात, काय करावे?

ताई, सौद्याला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारा, "या इलाजाने माणूस बरा होणार, की नुसते दिवस वाढणार?" बरा होणार नसेल, तर जमीन विकून हाती काही लागत नाही. मात्र 'घरी न्या' म्हणजे सारे उपचार संपले असे नव्हे. रोग हटला नाही तरी दुखणे, उलटी, जखमेची दुर्गंधी यांवर इलाज असतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, नावाने विचारले की वाट लवकर सापडते.

आधी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात चौकशी करा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही हा उपचार धरलेला आहे, म्हणून आशाताईंनाही विचारा. सगळीकडे सारखी सोय नसते. घरी सांभाळणे अशक्य झाले, तर मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांना तेथे मोफत सांभाळतात. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तेथेही पैसे घेत नाहीत, आणि घरचे एक माणूस रुग्णाजवळ राहू शकते. जाण्यापूर्वी फोन करून जागा आहे का ते विचारा. जुने सर्व कागद व डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्या.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या देतात. अफूपासून बनते म्हणून लोक बिचकतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या गोळीचे सहसा व्यसन लागत नाही. ती मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. तरी ती प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही, कोठे मिळेल ते डॉक्टरांनाच विचारा. गोळी दुखू लागल्यावर नव्हे, घड्याळ पाहून सांगितलेल्या वेळी द्यावी. तिने शौचास घट्ट होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषधही मागून घ्या. गोळ्या कुलपात ठेवा, आणि मात्रा आपल्या मनाने वाढवू नका.

आता पैशाचे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मुख्यतः दवाखान्यात दाखल असतानाच्या उपचारासाठी आहेत. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. घरी लागणाऱ्या औषधांचा खर्च बहुधा आपल्यावरच येतो, म्हणून ती सिव्हिलमध्ये मिळतात का ते आधी पाहा. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करोग्याला व सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. तिला दवाखान्याचा दाखला लागतो.

आणि ताई, एक विसरू नका. ज्या जमिनीत मामंजींनी जन्म घातला, ती विकायची की नाही, हे त्यांनाही विचारा. दुखणे थांबले की माणूस बोलू लागतो. कदाचित ते एवढेच म्हणतील, "माझी खाट पडवीत टाका, तेथून शेत दिसते."