धन्याच्या डोक्यावरचा धनी

अमेरिकेतल्या मेरीलँडमधला टॉमस ऑल्ड नावाचा गुलाममालक १८३२ च्या ऑगस्टमध्ये मेथडिस्ट पंथाच्या एका मेळाव्यात भक्तिमार्गाला लागला. त्याचा गुलाम फ्रेडरिक डग्लस याला आशा वाटली, की हा आता गुलामांना सोडील, निदान दयेने तरी वागवील. दोन्ही झाले नाही. एका अधू तरुणीला बांधून ऑल्ड तिच्या उघड्या पाठीवर चाबूक ओढू लागला आणि वर शास्त्राधारही देऊ लागला, की धन्याची इच्छा ठाऊक असून जो ती पाळत नाही त्याला पुष्कळ फटके बसायचेच. पुढे पळून जाऊन स्वतंत्र झालेल्या डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात हे लिहून ठेवले आहे.

हा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला, ४७ व्या वचनाचा. ऑल्डने दोनच वचने मागे जाऊन वाचले असते, तर चाबूक त्याच्या हातातून गळायला हवा होता. तो दृष्टान्त आहे एका कारभाऱ्याचा. धनी यायला उशीर लागतो आहे असे पाहून हा कारभारी हाताखालच्या दासदासींना मारू लागतो, स्वतः खातो-पितो, झिंगतो. शिक्षा सांगितली आहे ती त्याला. आणखी थोडे मागे, ३७ व्या वचनात, परत आलेला धनी स्वतःच कंबर बांधतो, जागत राहिलेल्या चाकरांना पंगतीला बसवतो आणि वाढतो. म्हणजे मारणाऱ्याला दिलेली ताकीद ऑल्डने मार खाणारीला ऐकवली. धनी आणि चाकर यांच्याविषयी ख्रिस्ती जगात आजवर जे अनर्थ झाले, त्यांतले बहुतेक याच जातीचे आहेत.

या विषयात दोन पक्ष आढळतात आणि दोन्ही मला अमान्य आहेत. पहिला पक्ष ख्रिस्ती मंडळीतल्या भाविकांचा. त्यांच्या मते शास्त्राने निकाल देऊन टाकला आहे: चाकराने मुकाट्याने आज्ञा पाळावी, धन्याने माया करावी. दुसरा पक्ष टीकाकारांचा. त्यांच्या मते बायबल हा गुलामगिरीचाच ग्रंथ आहे; त्यात न्याय शोधणे म्हणजे वाळू रगडणे. गंमत अशी, की दोघेही तीच मोजकी वचने पुढे करतात.

पहिल्या पक्षाची मुख्य भिस्त प्रेषित पौलावर. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याने दासांना आज्ञापालन सांगितले आहे, हे खरेच आहे. गुलामगिरी मोडून काढा असे त्याने कुठे म्हटलेले नाही, हेही झाकून उपयोग नाही. पण हे उपदेश कुणाला, कुठे केले ते पाहा. रोमी साम्राज्यातल्या गुलामाच्या जिवाला किंमत नव्हती. त्याला क्रुसावर चढवत. ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्वज्ञाने गुलामाला जिवंत अवजार म्हटले होते, आणि घर कसे चालवावे याचा उपदेश त्या जगात सहसा घरधन्याला होई. पौल दासाशी थेट बोलतो, त्याला समज आणि विवेक आहे असे धरून बोलतो. मग तो धन्यांकडे वळतो. इफिसकरांस पत्रात त्यांना धमकावणे बंद करायला सांगतो आणि कलस्सैकरांस पत्रात न्यायाने व समतेने वागायला. कारण दोन्हीकडे एकच दिले आहे: तुमच्याही डोक्यावर स्वर्गात एक धनी आहे. आता विचार करा, धमकी काढून घेतली तर गुलामगिरीत उरते काय? चाबूक, विक्री, पाठलाग हा सगळा डोलारा धमकीवरच उभा होता. त्याच्या बुडाला पौलाने सुरुंग लावला. बत्ती द्यायला ख्रिस्ती राष्ट्रांनी अठराशे वर्षे घेतली. विलंबाचा हा दोष पत्रातला म्हणायचा की वाचणाऱ्यांचा?

दुसरा आधार अनेसिमाचा. फिलेमोनाचा हा दास पौलाकडे आला, पौलाने त्याला पत्र देऊन धन्याकडे परत पाठवले. अर्थात पळालेला गुलाम परत करणे हे ख्रिस्ती कर्तव्यच, असा युक्तिवाद अमेरिकेत सर्रास होई. पण पत्रात पौल मागतो काय? याला दास म्हणून घेऊ नकोस, प्रिय भाऊ म्हणून घे. मी स्वतः आलो असे समजून घे. त्याचे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर मांड. या अटींवर एकही अमेरिकन मालक आपला गुलाम परत घ्यायला तयार झाला नसता. शिवाय जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे, की धन्यापासून पळून आलेल्या दासाला त्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल तिथे राहू द्या. १८५० चा अमेरिकन पलायित गुलाम कायदा या आज्ञेच्या नेमका उलट होता, आणि व्यासपीठांवरून त्याचेही समर्थन झाले. जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाळक गुलामांपुढे फिलेमोनाच्या पत्रावर बोलला, पळून जाणे पाप आहे असे सांगू लागला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. असे पत्र बायबलात नाहीच, असेही काही जण म्हणाले. हे खुद्द जोन्सने नोंदवले आहे. त्याने सांगितले तसे पत्र बायबलात खरोखरच नाही. निरक्षर श्रोत्यांनी विद्वान पाळकापेक्षा ते बरोबर ओळखले.

आता टीकाकार. त्यांचा पुरावा खोटा नाही. लेवीयच्या २५ व्या अध्यायात परक्या दासांना वारशाने पुढे देता येण्याजोगी मालमत्ता म्हटले आहे. निर्गमच्या २१ व्यात मारलेला दास एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही. या वचनांना गुळमुळीत अर्थ चिकटवणारे धर्मोपदेशक टीकाकारांपेक्षा जास्त नुकसान करतात. पण त्याच अध्यायात दासाचा डोळा फोडला, दात जरी पाडला, तरी त्याला मुक्त करा असेही आहे. तेव्हा तोलायचे कशाने? ती रीत येशूनेच घालून दिली आहे. घटस्फोटाचा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, की मोशेने ती परवानगी तुमच्या कठोर अंतःकरणामुळे दिली, आरंभी तसे नव्हते. आरंभी काय होते? मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी हा बिशप याच पायावर उभा राहिला. जो देवाचे प्रतिरूप आहे त्याची किंमत कोणी ठरवली आणि कोणत्या नाण्यात मोजली, असे त्याने मालकांना भर प्रवचनात विचारले.

आणि हा ग्रंथ मालकांच्या सोयीचाच असता, तर मालकधार्जिण्यांना त्याला कात्री लावावी लागली नसती. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ निम्मा भाग वगळला होता. मिसर देशातून दासांची सुटका गाळली, ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद नाही हे गलतीकरांस पत्रातले वचन गाळले. संपूर्ण पुस्तकाचा धोका त्यांना टीकाकारांपेक्षा चांगला कळला होता.

चर्चचा इतिहास मात्र या पुस्तकापुढे खाली मान घालण्यासारखाच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने तिथल्या भर रस्त्यातल्या लिलावात इतर मालाबरोबर माणसे विकली जाताना पाहिली; विकणाऱ्या-घेणाऱ्यांत मिस्सा न चुकवणारेही होते. गुलामगिरी गेल्यावरही भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार त्याच्या मर्जीवरच जगत राहिला. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही. मुंडकाराला घरातून हुसकण्यापासून पक्के संरक्षण मिळाले ते १९७५ च्या कायद्याने. अमेरिकेत गुलाममालकांना मिशनरी नेमावे की नाही या वादातून १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट संघ वेगळा झाला. त्याने माफी मागितली १९९५ मध्ये. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांच्या नावे लिहिली. कुणाचे कौतुक करायचे आणि कुणाचे नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

खंडन इथे संपते. मग शास्त्र धन्याकडून मागते काय? भाविक म्हणतात, माया. मी म्हणतो, मायेच्या आधी चार हिशेब. पहिला सुट्टीचा. शब्बाथाच्या आज्ञेत दास आणि दासी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि अनुवादात कारणही दिले आहे: तुमच्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा, कारण मिसरात तुम्हीही दास होता. दुसरा मजुरीचा. गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या, मग तो तुमच्यातला असो की परका. आणि अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे याकोबाचे पत्र बजावते. तिसरा निरोपाचा. सहा वर्षे राबलेल्या इब्री दासाला सातव्या वर्षी सोडायचे, तेही रिकाम्या हाताने नाही. कळप, खळे आणि द्राक्षकुंड यांतले सढळ हाताने द्यायचे. आजच्या भाषेत ही ग्रॅच्युइटी झाली. चौथा तक्रारीचा. ईयोब म्हणतो, की माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याविरुद्ध दाद मागितली आणि मी ती झिडकारली, तर देवापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? आम्हा दोघांना गर्भात घडवणारा एकच ना?

या चारांतला एकही हिशेब धन्याच्या मूडवर सोडलेला नाही. म्हणून आजच्या ख्रिस्ती घराची परीक्षा तिथल्या मोलकरणीपासून सुरू व्हावी. ‘ती आमच्या घरातलीच आहे’ हे वाक्य मला नेहमी संशयास्पद वाटते. घरातल्या माणसाच्या आजारपणाचा खाडा कोणी मोजत नाही. रविवारी कुटुंब उपासनेला जाते आणि परत येईपर्यंत मटण शिजवायला जी घरी थांबते, तिच्यासाठी शब्बाथाची आज्ञा रद्द झाली काय? घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती द्यावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ च्या १८९ व्या करारात लिहिले. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. ‘आम्ही चांगले वागवतो’ एवढ्यावर भागत असते, तर अशा कायद्यांची गरजच पडली नसती. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ पासून राष्ट्रीय घरकामगार चळवळ उभी केली, तीही या बायकांना मालकाच्या मायेवर विसंबून राहायला लागू नये म्हणून. माया उद्या आटू शकते. हक्क मागता येतो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षासाठीच्या अटींत या दोन आहेत: त्याने आपले घर नीट चालवलेले असावे आणि बाहेरच्या लोकांनी त्याच्याबद्दल चांगली साक्ष द्यावी. दोन्हींबद्दल अधिकाराने बोलू शकेल अशी एक व्यक्ती त्याच्या घरी रोज येते, भांडी घासते आणि जाते. पाळक, वडील किंवा पंच निवडण्यापूर्वी मंडळीने तिला, तो घरी नसताना, चार प्रश्न विचारावेत: सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का, सोडून जाताना काही हाती पडेल का, तक्रार केलीस तर काम टिकेल का. तिची उत्तरे ऐकून मगच मतदान घ्यावे. काही मंडळ्यांना उमेदवार मिळणार नाहीत. तशा खुर्च्या काही काळ रिकाम्या राहिल्या तरी चालतील. मारकुट्या कारभाऱ्यापेक्षा त्या बऱ्या.